साहेब साठीला आले, पण निवृत्त झाले नाहीत

ज्यांना गर्दीच्या लोकलमध्ये हेडफोन लावूनही काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर. मधले "म्हणजे", "तर", "अं" तेवढे गाळलेत. बाकी बोललोय तसंच आहे.

आज एका तारखेपासून सुरुवात करू. ३१ ऑगस्ट २०१८. त्या दिवशी महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक दत्ता पडसलगीकर निवृत्त होणार होते. जन्मतारीख सरकारी दप्तरात, नियम सरकारी पुस्तकात, सगळं ठरलेलं. पण ते निवृत्त झाले नाहीत. त्यांना तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. ३० नोव्हेंबर आला, आणखी तीन महिने मिळाले. शेवटी २८ फेब्रुवारी २०१९ ला ते पायउतार झाले आणि सुबोध जयस्वाल आले.

तुम्ही म्हणाल, सहा महिने जास्त काम केलं तर बिघडलं काय? माणूस चांगला होता, करू दे की. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण या सहा महिन्यांच्या मागचे कागद वाचायला घेतले आणि हे प्रकरण कुठच्या कुठे गेलं. एका बाजूला सुप्रीम कोर्ट, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्ष, आणि मधे आपल्या रामनगर पोलीस ठाण्यातला ५८ व्या वर्षी घरी जाणारा हवालदार.

आधी नियम समजून घेऊ, कंटाळा करू नका, छोटासाच आहे. आयपीएस अधिकारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो. वाढदिवसाच्या दिवशी नाही, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आणि जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. ही दुसरी ओळ महाराष्ट्रात किती घरांना माहीत आहे! आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती कायमची चिकटली. म्हणून ३१ मे ला सरकारी कचेऱ्यांमध्ये निरोप समारंभांची रांग लागते. डोंबिवलीत तर प्रत्येक सोसायटीत असे एक-दोन काका सापडतील.

मुळात हे वयही काही दगडावर कोरलेलं नाही. केंद्रात ते ५५ होतं, १९६२ मध्ये ५८ झालं आणि १९९८ मध्ये ६०. पण प्रत्येक वेळी ते सगळ्यांसाठी एकदम बदललं. एका माणसासाठी बदलणं ही वेगळी गोष्ट, आणि आपला विषय तोच आहे.

तर पडसलगीकर. १९८२ च्या तुकडीचे आयपीएस. जानेवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. त्यांच्या काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, ती म्हणजे आठ तासांची ड्युटी. मुंबईतला शिपाई बारा-बारा तास आणि बंदोबस्त असेल तर त्याहून जास्त उभा राहायचा. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने तीन पाळ्यांचं गणित कागदावर मांडून दाखवलं. आयुक्तांनी ते बाजूला न ठेवता २०१६ मध्ये त्याच ठाण्यात करून बघितलं आणि मग इतर ठाण्यांत नेलं. शिपायाची कल्पना आयुक्तापर्यंत पोचते आणि अंमलात येते, हे आपल्या आयटी कंपन्यांमध्येही रोज घडत नाही, पोलीस खात्यात तर सोडाच. त्यामुळे या माणसाला अजून थोडा वेळ मिळावा असं अनेकांना मनापासून वाटत असेल, तर त्यात नवल नाही.

पण आता तारखा बघा. महासंचालक सतीश माथुर ३० जून २०१८ ला निवृत्त झाले आणि त्याच दिवशी पडसलगीकर महासंचालक झाले. त्यांची स्वतःची निवृत्ती ३१ ऑगस्टला. म्हणजे सुमारे दोन लाखांच्या दलाचा प्रमुख नेमला, तेव्हा त्याच्या हातात दोन महिने होते. फक्त दोन. नेमणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं होऊच शकत नाही. मग ही नेमणूक एक तर दोन महिन्यांचीच होती, नाहीतर पहिल्या दिवसापासूनच मुदतवाढ गृहीत धरलेली होती. आणि मुदतवाढ द्यायची तर नियम शिथिल करावा लागतो, कारण नियमात महासंचालकासाठी अशी तीन-तीन महिन्यांची सोय सरळ लिहिलेली नाही. शिवाय आयपीएस ही अखिल भारतीय सेवा, त्यामुळे केंद्राची संमती लागते. राज्यानं मागायचं, केंद्रानं द्यायचं. आणि साहेबांनी? वाट बघायची.

खरी गंमत पुढे आहे. ३० जूनला नेमणूक झाली आणि तीनच दिवसांनी, ३ जुलै २०१८ ला, सुप्रीम कोर्टाने नेमक्या याच विषयावर आदेश दिला. पण तो समजायला बारा वर्षं मागे जायला हवं.

प्रकाश सिंह हे उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक, सीमा सुरक्षा दलाचेही प्रमुख होते. निवृत्तीनंतर १९९६ मध्ये ते सुप्रीम कोर्टात गेले. म्हणणं साधं होतं: पोलीस राजकारण्यांच्या मुठीत आहेत, कारण बदली आणि नेमणूक त्यांच्या मुठीत आहे. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला. सात निर्देश दिले गेले. त्यातला एक महासंचालकाबद्दल. राज्यानं यूपीएससीनं निवडलेल्या तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांमधून एक निवडायचा आणि त्याला किमान दोन वर्षं द्यायची, निवृत्तीची तारीख मधे आली तरी.

या शेवटच्या तुकड्यावर जरा थांबा. कोर्टानंच साठीच्या नियमाला अपवाद केला. का? उद्या सरकारला न आवडणारा गुन्हा नोंदवला तर परवा खुर्ची जाईल, ही भीती साहेबांना राहू नये म्हणून. अपवाद त्या माणसासाठी नव्हता, त्या खुर्चीसाठी होता.

आणि मग आपल्या देशात जे होतं ते झालं. काही राज्यांनी पळवाट काढली. आवडता अधिकारी निवृत्तीच्या अगदी शेवटच्या दिवशी महासंचालक करायचा, म्हणजे त्याला साठीनंतर आयती दोन वर्षं. ज्या औषधाने राजकीय हस्तक्षेप थांबवायचा, तेच औषध मर्जीतल्या माणसाला बक्षीस म्हणून. २०१८ च्या त्या ३ जुलैच्या आदेशात कोर्टाने हे असं चालणार नाही म्हणून सांगितलं. निवृत्तीनंतरचा काळ वाजवी असावा, जागा रिकामी व्हायच्या तीन महिने आधी यूपीएससीकडे नावं पाठवा आणि 'प्रभारी' महासंचालक नेमण्याचा विचारही करू नका. पुढे १३ मार्च २०१९ ला कोर्टाने आणखी स्पष्ट केलं: ज्याची किमान सहा महिने नोकरी उरली आहे त्याचाच विचार व्हावा. पडसलगीकर पायउतार होऊन तेव्हा पुरते दोन आठवडेही झाले नव्हते.

म्हणजे आपल्याकडची ही गोष्ट या दोन आदेशांच्या बरोबर मधे सापडते. दोन महिने उरलेला अधिकारी, तीन महिने, आणखी तीन महिने. दोन वर्षांची हमी नाही, आणि वेळेवर निवृत्तीही नाही.

मला यातलं सगळ्यात खटकतं ते तुकडे पाडणं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तर त्या भाषेत सांगतो. सिस्टीममध्ये अपवाद ठेवायला हरकत नाही. पण तो आधी लिहा, सगळ्यांना दिसेल असा लिहा, कधी संपणार तेही लिहा. रात्री दोन वाजता प्रॉडक्शनच्या डेटाबेसमध्ये हाताने तारीख बदलणं याला अपवाद म्हणत नाहीत, त्याला जुगाड म्हणतात. कंत्राटावर काम केलेल्या मित्रांना विचारा. ज्याचं कंत्राट दर तीन महिन्यांनी वाढतं, तो मीटिंगमध्ये मॅनेजरला "हे चुकतंय" असं किती वेळा म्हणतो? माणूस कितीही ताठ कण्याचा असो. इथे मी पडसलगीकरांच्या सचोटीवर बोट ठेवत नाहीये. उलट, इतक्या चांगल्या अधिकाऱ्याला अशा रचनेत बसवणं हाच त्याच्यावर अन्याय होता.

हा घोळ फक्त भारतातला आहे असंही नाही. याचा आजोबा अमेरिकेत सापडतो: जे. एडगर हूवर. १९२४ पासून तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेचा, म्हणजे पुढच्या एफबीआयचा प्रमुख. जन्म १ जानेवारी १८९५. तिथे सरकारी नोकरीत सत्तराव्या वर्षी सक्तीची निवृत्ती होती, म्हणजे १९६५ उजाडताच हूवरला जावं लागणार होतं. पण मे १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आदेश काढून त्याला त्यातून सूट दिली. दोघं वॉशिंग्टनमध्ये बरीच वर्षं शेजारी राहिलेले. सूट किती काळासाठी? अनिश्चित काळासाठी.

वरवर बघता हा हूवरचा सन्मान. पण शब्द नीट बघा. अनिश्चित म्हणजे कधीही काढून घेता येईल अशी. राष्ट्राध्यक्षाच्या हातात दोरी. प्रत्यक्षात मात्र ती दोरी कुणी ओढलीच नाही. हूवरच्या कपाटात कुणाकुणाच्या फायली आहेत याची कुजबुज वॉशिंग्टनमध्ये कायम असायची. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर पाळत ठेवण्याचे उद्योग याच काळातले. हूवर मे १९७२ मध्ये वारला, ७७ व्या वर्षी, पदावर असतानाच. ४८ वर्षं एक माणूस. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेने कायदा केला: एफबीआयच्या प्रमुखाला एकदाच, जास्तीत जास्त दहा वर्षं. २०११ मध्ये रॉबर्ट म्युलरना दोन वर्षं वाढवून द्यायची होती, तर ओबामांना एका सहीवर ते करता आलं नाही. संसदेत नवा कायदा करावा लागला, उघड चर्चा होऊन, मतदान होऊन. अपवाद तोही, पण दिवसाउजेडी केलेला.

आपल्याकडे हूवर झाला नाही. मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त फ्रँक सूटर १८६४ ते १८८८ पदावर होते, पण तो कंपनी सरकार संपून राणीचं राज्य आल्यावरचा काळ, तिथे तुलना नको. स्वतंत्र भारतात लांबलेली कारकीर्द म्हटलं की के. पी. एस. गिल आठवतात. जन्म डिसेंबर १९३४ चा, तेव्हा निवृत्तीचं वय ५८, म्हणजे १९९२ अखेर घरी. ते पंजाबचे पोलीस प्रमुख म्हणून १९९५ पर्यंत राहिले. दहशतवादाचा काळ होता, त्यामुळे वाढ देणाऱ्यांकडे कारण होतं. आणि मानवी हक्कांचे जे आरोप पंजाब पोलिसांवर झाले तेही त्याच काळातले आहेत. अपवादाला कारण जितकं मोठं, तितका त्याच्यावर प्रश्न विचारणारा एकटा पडतो.

परत महाराष्ट्रात येऊ. जयस्वाल जानेवारी २०२१ मध्ये केंद्रात गेले, मग सीबीआयचे संचालक झाले. साठी सप्टेंबर २०२२ मध्ये येत होती, तरी मे २०२३ पर्यंत राहिले. तिथे कायद्यानेच दोन वर्षं ठरलेली आहेत, त्यामुळे कुणी हू की चू केलं नाही. तेवढ्या काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं? हेमंत नगराळेंकडे अतिरिक्त कार्यभार, मग रजनीश सेठ यांच्याकडे, मग एप्रिल २०२१ पासून संजय पांडे यांच्याकडे. कोर्ट म्हणालं होतं प्रभारी नेमू नका, आपण वर्षभर प्रभारीवरच काढलं. यूपीएससीने नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन नावं पाठवली, त्यात पांडे नव्हते. राज्याने फेरविचार करा म्हणून कळवलं. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सेठ पूर्णवेळ महासंचालक झाले. २०१८ मध्ये एका आघाडीचं सरकार होतं, २०२१ मध्ये दुसऱ्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण कमेंटमध्ये लगेच "तुम्ही अमक्या पक्षाचे" सुरू होतं.

मग रश्मी शुक्ला. जानेवारी २०२४, राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक. निवृत्ती ३० जून २०२४. जागा रिकामी झाली ३१ डिसेंबर २०२३ ला. बोटं मोजा: सहा महिने. काठावर पास. त्यांना तुकडे नाही मिळाले, प्रकाश सिंह निकालाचा आधार घेऊन दोन वर्षं मिळाली, जानेवारी २०२६ पर्यंत. त्यांच्यावर आधी फोन टॅपिंगचे गुन्हे नोंदवले गेले होते, ते हायकोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये रद्द केले. विरोधकांचा आक्षेप कायम होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या तोंडावर निवडणूक आयोगाने त्यांना हटवायला सांगितलं, संजय कुमार वर्मा आले, आणि आचारसंहिता उठताच शुक्ला परत आल्या. म्हणजे दोन वर्षांची हमीसुद्धा पोलादी नसते. पण फरक लक्षात घ्या. इथे मुदत आधी जाहीर होती. त्यामुळे त्यांना काढलं तेव्हा ते सगळ्या राज्याला दिसलं, आणि परत आणलं तेही दिसलं. पडसलगीकरांची तिसरी मुदतवाढ आली नाही तेव्हा ते का झालं, हे विचारायचीही कुणाला सोय नव्हती.

दिल्लीकडे एक नजर टाकून पुढे जाऊ. राकेश अस्थाना जुलै २०२१ मध्ये दिल्लीचे पोलीस आयुक्त झाले, निवृत्तीला चार दिवस उरलेले असताना, एक वर्षाच्या वाढीसह. दिल्ली हायकोर्टाने ती नेमणूक कायम ठेवली. उलट ईडीचे संचालक संजय कुमार मिश्रा यांच्या वाढत गेलेल्या मुदती सुप्रीम कोर्टाने जुलै २०२३ मध्ये बेकायदा ठरवल्या, पण तरी त्यांना सप्टेंबरच्या मध्यापर्यंत राहू दिलं. बेकायदा, पण थोडे दिवस चालेल. आता यावर मी काय बोलू.

आता "आम्हाला डोंबिवलीत याचं काय" या प्रश्नाकडे. रामनगर, विष्णुनगर, टिळकनगर, मानपाडा ही ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. तिथला निरीक्षक कोण, तो किती दिवस टिकणार, हे ज्या आस्थापना मंडळांमधून ठरतं त्यांच्यात महासंचालकाचा शब्द चालतो किंवा चालायला हवा. तो स्वतःच्याच पुढच्या तीन महिन्यांसाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसला असेल, तर तुमच्या ठाण्यातल्या निरीक्षकाची बाजू घेऊन तो कुणाशी भांडणार?

दुसरं, आणि हे मला जास्त लागतं. महाराष्ट्रात पोलीस शिपाई, हवालदार, फौजदार, निरीक्षक हे ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. साठ नाही, अठ्ठावन्न. कारण ते राज्य सेवेत, साहेब अखिल भारतीय सेवेत. राज्य सेवेतला अधिकारी बढती मिळून आयपीएस झाला की त्याची दोन वर्षं वाढतात. तोच माणूस, तेच गुडघे. सरकारी कर्मचारी संघटना कितीतरी वर्षं साठीची मागणी करतायत. तिथे उत्तर एकच येतं: तरुणांना संधी मिळायला हवी. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाने पोलीस दलात बळी घेतले तेव्हा, मुंबईत ५५ च्या वरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितलं होतं. योग्यच होतं ते. पण म्हणजे शिपायाचं वय हे शरीराचं वय असतं आणि साहेबांचं वय हे अनुभवाचं. तरुणांना संधी हा युक्तिवाद महासंचालकाच्या खालच्या दोन-तीन ज्येष्ठांनाही लागू आहे. त्यांची साठी कुणी थांबवत नाही. वर एक मुदतवाढ झाली की खाली कुणीतरी त्या खुर्चीत न बसताच निवृत्त होतं, आणि त्याची बातमी येत नाही.

मग मुदतवाढ असूच नये का? मला तसं वाटत नाही. दोन महिन्यांच्या महासंचालकापेक्षा दोन वर्षांचा बरा, साठी ओलांडली तरी. माझा आक्षेप वयाला नाही, अपवाद कधी ठरतो त्याला आहे. नेमणुकीच्या दिवशी ठरला तर साहेब कुणाचे देणेकरी नसतात. शेवटच्या आठवड्यात ठरला तर असतात. आणि आपल्या राज्याच्या कायद्यात अजून गोंधळ आहेच. २०१४ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्र पोलीस कायद्यात अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत दिली आहे, पण ती निवृत्तीच्या अधीन ठेवून. कोर्ट म्हणतं निवृत्ती आली तरी दोन वर्षं, कायदा म्हणतो निवृत्ती येईपर्यंत. या दोन वाक्यांच्या फटीत जे काही घडतं ते प्रत्येक वेळी त्या त्या सरकारच्या सोयीने घडतं. फट बुजवायला विधानसभेत एक छोटी दुरुस्ती पुरेल. ती कुठलंच सरकार आणत नाही, कारण फट सगळ्यांनाच उपयोगी आहे.

जानेवारी २०२६ मध्ये शुक्लांच्या जागी सदानंद दाते आले. २६/११ ला कामा हॉस्पिटलमध्ये जखमी होऊनही लढलेले, आणि आपल्या शेजारच्या मीरा-भाईंदर, वसई-विरारचे पहिले पोलीस आयुक्त. नेमणूक दोन वर्षांसाठी आहे. त्यांची साठी पूर्ण होते डिसेंबर २०२६ मध्ये, म्हणजे नियमाने निवृत्तीची तारीख ३१ डिसेंबर २०२६. त्या संध्याकाळी फडके रोडवर तुम्ही-आम्ही नववर्षाच्या गर्दीत असू, नाक्यावर बंदोबस्ताला उभा असलेला एखादा हवालदार त्याच महिन्यात ५८ चा झालेला असेल आणि त्याची ती शेवटची ड्युटी असेल.